वारणाकाठचे मुके डबे

शिरोली, ११ मे

विजयसिंह,

हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवतेय, म्हणजे घेताना तुला सही करावी लागली असेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून न वाचल्यासारखं करतोस. आता निदान पोस्टमनसमोर तरी मान्य केलंस की तेजस्वीनं तुला काहीतरी सांगितलंय.

कॉलेजात मी तुला 'तू' म्हणत होते. लग्नानंतर कोडोलीच्या तुमच्या घरात तू 'तुम्ही' झालास. गेल्या वर्षी घटस्फोटाचा कागद हातात पडला, तेव्हापासून परत 'तू'. त्या कागदाचा मला झालेला फायदा एवढाच.

परवाच्या पेपरात शेती प्रदर्शनातला तुझा फोटो पाहिला. डोक्याला फेटा, हातात ट्रॉफी आणि शेजारच्या टेबलावर माझा डबा. वर तुझ्या नावाचं चकचकीत स्टिकर. खाली लिहिलंय, 'शेतकऱ्यांच्या मोटारी वाचवणारा कोडोलीचा संशोधक.'

ट्रॉफी घेताना कुणी विचारलं नसेल, म्हणून मी आठवण करून देते की त्या डब्यात काय आहे. पावसाळ्यात नदी चढायला लागली की काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वेळेत वर ओढून घ्याव्या लागतात. उशीर झाला तर मोटार बुडते, नाहीतर तिला सोडवायला माणूस चढत्या पाण्यात उतरतो. त्यासाठी मी हे केलं होतं. काठावर खांब, खांबावर डबा, डब्यातून खाली सोडलेली तार. आत फोनमध्ये असतं तसलंच एक छोटं मॉड्यूल आणि सिम. त्याला गप्पा मारायच्या नसतात, गाणी ऐकायची नसतात. दिवसभर झोपायचं, तारेला पाणी लागलं की उठायचं, टॉवरला एवढंच सांगायचं, 'पाणी आलं, मोटारी काढा', आणि परत झोपायचं. हा एवढासा निरोप खात्रीनं जावा, आणि बॅटरी सगळा पावसाळा पुरावी, यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. तेव्हा तू गिऱ्हाइकांना मिसळ खायला घालत होतास. तेही काम होतं, मी नाही म्हणत नाही.

पण कोर्टात तुझ्या वकिलानं विचारलं, या धंद्यात बाईंचा वाटा काय? आणि माझ्याकडं न बघता तू म्हणालास, "सोल्डरिंग करायची."

शेड तुझ्या नावावर होती, कंपनी तुझ्या नावावर होती. मी लॅपटॉप आणि माझी हत्यारं घेऊन बाहेर पडले. आता शिरोलीतच, तुझ्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याचा गाळा घेतलाय.

मी तुला बुडवणार आहे. पाठीमागून वार केला असं उद्या म्हणशील, म्हणून आधी लिहून कळवतेय.

तेजस्वी


शिरोली, ३ जून

विजयसिंह,

तुझा एक डबा माझ्या टेबलावर उघडा पडलाय.

तुझ्याकडं दुरुस्तीला आठ-आठ दिवस लावतात म्हणून एक शेतकरी माझ्या गाळ्यात आला. त्याला वाटलं डबे करणारे सगळे एकच. मी झाकण उघडलं आणि मला हसू आवरेना.

तू स्वस्तातलं मॉड्यूल घातलंयस, ते मी समजू शकते. मी दोन कंपन्यांची सिम घातली होती, एकाचा टॉवर बंद पडला तर दुसऱ्यावरून निरोप जावा म्हणून. तू एक काढून टाकलंस. माझा डबा निरोप पाठवल्यावर पोच मागायचा, पोच आली नाही तर परत परत पाठवत राहायचा. तू ते काढून टाकलंस. माझा डबा रोज सकाळी 'मी चालू आहे' एवढं कळवायचा, आणि ते आलं नाही की माझ्या फोनवर बोंब व्हायची. त्याला डेटा जातो म्हणून तेही काढलंस.

म्हणजे तुझा डबा निरोप टाकतो, हिरवा दिवा लावतो आणि झोपी जातो. समोर कुणी ऐकलं का, हे त्याला ठाऊक नसतं. लग्नात मी असल्याच एका माणसाबरोबर राहिले, त्यामुळं दुरुस्ती कशी करायची ते मला कळलं नाही.

उन्हाळ्यात तो छान चालेल. प्रदर्शनातही चालला. पण महापुरात आधी वीज जाते, मग टॉवर जातात. नेमक्या त्याच दिवशी तो गप्प बसेल, आणि लोक समजतील की पाणी अजून आलेलं नाही.

काल वारणाकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन गणपतराव यांचा फोन आला. ते तुझे डबे सगळ्या काठावर लावणार आहेत. म्हणाले, "वहिनी, तुमचं आनी त्यांचं जे काय झालं असंल ते असू दे. पन तुम्ही त्यातल्या जाणकार. डबा चांगला हाय न्हवं?"

मी म्हणाले, "चांगलाच आहे की. पहिला नंबर आलाय ना."

ते खुश झाले. मीही झाले. आता मला काही करायचंच नाही, विजयसिंह. नदी करेल.

तेजस्वी


शिरोली, २४ जून

विजयसिंह,

तुझी आई आली होती. तू पाठवली नव्हतीस, हे मला माहीत आहे. तुला तर ती कुठं गेली होती हेही कळलं नसेल.

कोडोलीहून एसटीनं आली, पत्ता विचारत विचारत. दारात उभी राहून डोळे बारीक करून बघत होती. "तेजू, तूच हाईस न्हवं? मला नीट दिसंना झालंय बाई." एका डोळ्यात पांढरा पडदा आलाय. तुला चार वेळा सांगितलं म्हणे. तू 'पुढच्या आठवड्यात' म्हणालास. ट्रॉफीनंतर तुझे आठवडे फार लांबलेत.

मी आत्याबाईंना कोल्हापुरात दाखवलं. ऑपरेशन झालं. दोन दिवस माझ्याकडंच होत्या. तू त्यांना फोन केलास तो चहा-साखरेचे डबे कुठल्या कपाटात ठेवलेत हे विचारायला.

जाताना दारात म्हणाल्या, "त्येच्या वाटंला जाऊ नगंस. पोरगं चुकतंय, पन माझं हाय."

मी म्हणाले, "आत्याबाई, मी काहीच करत नाही." हे खरंच होतं.

एक गोष्ट केली मात्र. गणपतरावांच्या गावी, पुलाच्या खालच्या अंगाला, तुझ्या डब्याशेजारच्या खांबावर मी माझा एक डबा लावून आले. गणपतरावांना सांगितलं, अभ्यासासाठी आहे. तुझा मुका होईल त्या घटकेला मला इथं बसून बघायचं होतं.

शिडी धरायला संस्थेचा गुंडू होता. मोटारी काढायचं काम तोच करतो. पन्नाशीचा, दणकट. मी विचारलं, पाण्यात उतरायला भीती वाटत नाही का? म्हणाला, "पानी मांडीपतुर असंतवर कसलं भ्या? कमरंच्या वर गेलं की दोर बांधून जायचं. छातीला लागलं की मोटार सोडून द्यायची असती, पन मालक काठावरनं वरडत्यात, जाऊ नगंस सोडून. मग काय करनार?" आणि तुझ्या डब्यावर थाप मारून म्हणाला, "आता काळजी न्हाय. ह्यो सांगतोय न्हवं आधी."

मी शिडी उतरले. त्याला काही बोलले नाही.

तेजस्वी


शिरोली, २९ जुलै

विजयसिंह,

झालं.

तीन दिवस पाऊस थांबलेला नव्हता. धरणातून पाणी सोडलं. दुपारी माझ्या फोनवर निरोप आला, 'पाणी आलं, मोटारी काढा.' माझ्या डब्यानं पाठवलेला. पहिल्या कंपनीचा टॉवर गेला होता, दुसऱ्या सिमवरून आला. तुझ्या सगळ्या डब्यांत त्या पहिल्याच कंपनीचं सिम आहे.

मी चहा ठेवला. खरं सांगते, इतका गोड चहा मी वर्षभरात प्यायले नव्हते. डोळ्यांपुढं आणत होते, तुझे डबे खांबाखांबावर हिरवे दिवे लावून झोपलेत. खाली मोटारी एकेक करून बुडतायत. उद्या सगळा गाव तुझ्या दारात. फेटा कुठं आहे, ट्रॉफी कुठं आहे, विचारतायत.

कप निम्मा झाला आणि मला तुझ्या दारातला गाव दिसायचा बंद झाला. गुंडू दिसायला लागला. डबा गप्प आहे म्हणून तो घरी निवांत असेल. मग कुणाला तरी पाणी दिसेल, ओरडा होईल, आणि तोवर ते कमरेच्या वर गेलेलं असेल. तू कोडोलीत कोरडा, मी शिरोलीत कोरडी. पाण्यात तो जाणार.

आधी तुला फोन लावला. तू कट केलास. परत लावला. परत कट केलास. मग गणपतरावांना लावला.

"मोटारी काढा. आत्ताच्या आत्ता."

"वहिनी, डबं तर गप हाईत की."

"डबे मुके आहेत. मला माहीत होतं. माणसं पाठवा."

त्यांनी फोन कानापासून दूर धरला. मग लांबून त्यांचा आवाज ऐकू आला, "गुंड्याऽऽ!"

मोटारी निघाल्या. एकही बुडाली नाही. शेवटची ओढताना घाई झाली, दोर सुटला आणि मोटार गुंडूच्या पायावर आली. गुडघ्याखाली हाड मोडलंय.

तू फोन उचलला असतास तर त्याचा पाय वाचला असता, असं मी स्वतःला दोन तास सांगून पाहिलं. तुझ्याबद्दल काहीही मानायला मी एरवी तयार असते. हे मानता आलं नाही.

तेजस्वी


कोल्हापूर, ६ ऑगस्ट

विजयसिंह,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. गुंडूला भेटून आत्ताच बाहेर आले.

मी त्याला सगळं सांगितलं. डबा खराब आहे हे जूनपासून ठाऊक होतं, तुला बुडवायचं म्हणून गप्प बसले, शिडीपाशी तो माझ्याशी बोलत होता तेव्हाही गप्प बसले. त्याची बायको आक्का उशाशी बसली होती, ती उठून उभी राहिली. मला वाटलं मारते आता. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुंडू छताकडं बघत होता. म्हणाला, "सूड घ्यायचा तर त्या मानसावर घ्यायचासा की. आमच्या पायावर कशाला?"



मग त्यानं उशाखालचा पेपर काढून माझ्यापुढं टाकला. तू वाचला असशीलच. 'कोडोलीच्या डब्यानं वाचवल्या वारणाकाठच्या मोटारी.' म्हणजे मी तुझी लाज राखली! तुझे डबे मुके राहिले, मी फोन केला, मोटारी वाचल्या, आणि श्रेय परत तुलाच. आता संस्था तुझा जाहीर सत्कार करणार आहे.

गणपतरावांना फोन लावला. ते आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुमचा फोन आलता, म्या कुठं न्हाय म्हनतोय? पन डबं घ्यायला माझीच सही हाय. आता कशाला बोभाटा? मोटारी वाचल्या, झालं की."

"गुंडूचा पाय?"

"त्येचा दवाखाना संस्था बघंल."

परत आत जाऊन मी गुंडूला हे सांगितलं. तो म्हणाला, "सत्काराला मला न्याल का? कुबड्या घेऊन येतो."

आक्का म्हणाली, "मीबी येनार."

म्हणून तुला आगाऊ कळवतेय. या वेळी मी गप्प बसणार नाही. सगळ्यांच्या समोर, तुझ्या तोंडावर करणार आहे. येऊ नये वाटलं तर येऊ नकोस. पण तू येशील. हार आहे म्हटल्यावर तू येतोसच.

तेजस्वी


शिरोली, १८ ऑगस्ट

विजयसिंह,

सत्काराला तू हजर होतास, तरी मी लिहून काढतेय. कारण निम्मा वेळ तू जमिनीकडं बघत होतास, आणि जे बघायचं चुकलं ते तुला पाठ असावं असं मला वाटतं.

संस्थेचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत तुझी आई, नव्या चष्म्यात, इरकली नेसून. गणपतरावांनी हार घातला. तू माइकवर म्हणालास, "त्या दिवशी माझ्या डब्यानं वेळेत निरोप दिला."

मागून गुंडू म्हणाला, "कुनाला?"

कुबड्यांचा आवाज करत तो पुढं आला. "साहेब, कुनाला दिला? माझ्या फोनवर तर आलेला न्हाय." मग हॉलकडं वळला. "कुनाकुनाला आलाय? बगा की जरा."

सगळ्यांनी खिशातून फोन काढले. बराच वेळ नुसत्या माना खाली. कुणाचाच हात वर आला नाही. तू म्हणालास, त्या दिवशी नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, त्यात डबा काय करणार. तेव्हा मी उठले.

तुझ्यासमोर टेबलावर तुझाच डबा ठेवला होता, हारासकट. मी हार बाजूला केला, झाकण उघडलं, सिम बाहेर काढलं आणि तळहातावर घेऊन पहिल्या रांगेला दाखवलं. मग पाण्याचा तांब्या घेतला आणि तार त्यात बुडवली.

डब्याचा हिरवा दिवा लागला. निरोप गेला म्हणून!

सिम माझ्या हातात होतं. आधी एक जण हसला, मग तो हॉल इतका हसला की गणपतरावांना टेबल वाजवावं लागलं. तुला हसलेले लोक बघायला मी वर्षभर जगत होते, विजयसिंह. फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग मी माझा डबा ठेवला आणि त्यातली दोन्ही सिम काढली. लाल दिवा लागला. त्याचं तोंड बंद झालं की माझ्या फोननं थोड्या वेळात बोंब मारायची, असं मी त्याला दाखवण्यापुरतं सांगून ठेवलं होतं. फोन ठणाणा वाजला. मी म्हणाले, "डबा मुका होऊ शकतो. पण तो मुका झालाय हे आपल्याला कळायला पाहिजे. यांनी तेवढंच काढून टाकलं."

कुणीतरी ओरडून विचारलं, "का काढलंसा ओ साहेब?"

आणि तिथं तू ते बोललास. मी तुला ओळखते असं मला वाटायचं, पण हे मलाही अपेक्षित नव्हतं. तू म्हणालास, "त्या वेळी आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. रात्रंदिवस तिच्यापाशी होतो. कामगारांनी काय केलं, लक्ष राहिलं नाही."

आत्याबाईंनी नुसता चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, आणि तुझ्याकडं बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना तू अगदी स्वच्छ दिसत असशील.

नंतर मी गणपतरावांबद्दलही बोलले आणि माझ्याबद्दलही. मी जूनपासून गप्प होते, हे माइकवर सांगितलं. बायकांच्या रांगेतून आक्का मोठ्यानं म्हणाली, "हां, त्येबी सांगायचं!" काही जण मला शिव्या देत बाहेर गेले. ते बरोबरच होतं. काठावरचे तुझे सगळे डबे उतरवायचे ठरलंय. माझे लावायचे की नाही, ते गुंडू तपासून सांगणार आहे. त्याला मी मॉड्यूल कसं बोलतं, पोच कशी येते ते शिकवतेय. तो प्रश्न फार विचारतो आणि माझ्यावर अजून विश्वास ठेवत नाही.

तेजस्वी


शिरोली, ३१ ऑगस्ट

विजयसिंह,

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. बदनामी केल्याबद्दल. आणि त्याच दिवशी तुझा मेसेजही मिळाला, 'झालं गेलं विसरू, परत एकत्र काम करू.' दोन्हीला एकच उत्तर आहे, ते तुझ्या वकिलाकडून समजावून घे.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी. तुझी आई कुठं आहे म्हणून तू सगळ्या पाहुण्यांकडं फोन फिरवलेस, असं कानावर आलं. मला तेवढा केला नाहीस.

ती इथं आहे.

सोमवारी सकाळी गाळ्याच्या दारात रिक्षा थांबली. आत्याबाई उतरल्या, पाठोपाठ पत्र्याची ट्रंक. मी हातातलं काम तसंच टाकून उठले.

"काय झालं?"

"ऱ्हायला आलो."

"इथं? आत्याबाई, आता आपलं नातं..."

"कोर्टानं तोडलंय तुमचं दोघांचं. मला कुनी इचारलं?" आणि ट्रंक आत ढकलायला लागल्या.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. तुमच्यावर माया आहे माझी. पण आज तुम्हाला ठेवून घेतलं तर ते मायेनं कमी आणि सूड म्हणून जास्त असेल. सगळ्या कोडोलीला कळावं, की विजयसिंहाची आई त्याचं घर सोडून सोडलेल्या सुनेकडं राहते. मला ते हवंय. त्याला आरशात बघवू नये, असं मला वाटतंय. हे ऐकून तुम्हाला परत जायचं असेल तर मी स्वतः पोचवते.

त्यांनी पाणी संपवलं. ग्लास खाली ठेवला.

"भरल्या सभंत माझं नाव घेऊन खोटं बोलला," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्याचं नाव घेऊन. घरी आल्यावर म्या म्हटलं, चूक झाली म्हन. एवडंच म्हन. तर म्हनतोय, आई, तुला धंद्यातलं काय कळतंय?"

मी रिकामा ग्लास उचलला.

"तू सूड म्हनून ठिवून घेनार?"

"हो."

"मग बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचला. "मीबी त्येच्यासाठनंच आलोय. वाढ आता, भूक लागलीया."

मी ताटं घेतली.

तेजस्वी